पश्चिमेस अरबी समुद्र

नगरपंचायतीच्या प्रस्तावातल्या हद्दीच्या अनुसूचीचा पहिला मसुदा चार ओळींचा होता. उत्तरेस खाडी, पूर्वेस सडा (पठार), दक्षिणेस शेजारच्या गावाची शीव, पश्चिमेस अरबी समुद्र. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत तो वाचून झाल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. गाव सगळ्यांच्या पायाखालचं, त्यामुळे कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही. नंतर या चार ओळींतला एकेक शब्द उकलायला फार वेळ गेला आणि सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो शेवटच्या दोन शब्दांनी.

मी सिंधुदुर्गातल्या एका किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतीचा सदस्य. धंदा घरांचे नकाशे काढण्याचा. तेवढ्या पात्रतेवर नगरपंचायतीच्या प्रस्तावातलं हद्दीचं काम माझ्या गळ्यात पडलं. 'तुका नकाशे कळतत' असं सरपंचबाई म्हणाल्या आणि विषय संपला.

नगरपंचायत का हवी, यावर इथे फार लिहीत नाही. बाजारपेठ वाढली, पर्यटक वाढले, कचरा वाढला आणि या सगळ्याला ग्रामपंचायतीची माणसं आणि पैसे पुरेनात. आमचं गाव तालुक्याचं ठिकाण नाही, हे मात्र सांगायला हवं. राज्य सरकारने २०१४च्या सुमारास तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायचं ठरवलं, तेव्हा कोकणातल्या बऱ्याच गावांचा प्रश्न त्या लाटेत सुटला. देवगड-जामसंडे, कसई-दोडामार्ग, वाभवे-वैभववाडी ही जोडनावं वाचली की लक्षात येतं, एका गावाच्या अंगावर शहर बसत नाही, शेजारचं गाव जोडावं लागतं. आम्हाला ती सवलत नव्हती. १९६५च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे सरळ लोकसंख्येच्या मापाने जायचं होतं: दहा हजारांच्या वर, पंचवीस हजारांच्या आत. आणि माप २०११च्या जनगणनेचं, कारण त्यानंतरची जनगणना झालेलीच नव्हती. त्या आकड्याने आम्ही दहा हजारांच्या थोडे अलीकडे राहत होतो. आज मोजलं तर सहज पलीकडे जाऊ, असं प्रत्येक जण सांगे. पण सरकारी फाइलीला आजची माणसं दिसत नाहीत.

दुसरी अट शेतीबाह्य रोजगाराची. इथे मला धास्ती होती, कारण आमच्याकडे निम्मी घरं माडापोफळीच्या बागांतली आणि उरलेल्यांतली बरीच रापणीला किंवा ट्रॉलरवर जाणारी. ही माणसं शेतकरी धरली तर प्रस्ताव तिथेच आडवा. तहसीलच्या एका जुन्या कारकुनाने जनगणनेच्या व्याख्यांचं पुस्तक पुढ्यात टाकलं. त्या व्याख्येत चहा, कॉफी, रबर, नारळ आणि सुपारी यांची लागवड 'शेती' या सदरात येतच नाही. ती माणसं 'इतर कामगार' या रकान्यात जातात. मासेमारी करणारेही त्याच रकान्यात. पिढ्यान्‌पिढ्या सातबाऱ्यावर नाव असलेला आमचा बागायतदार जनगणनेच्या लेखी शेतकरी नव्हता, आणि शेजारच्या सड्यावर नाचणी-वरी करणारा होता. बागायतदारांना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले नाहीत. प्रस्ताव मात्र त्यांच्यामुळेच तरला.

लोकसंख्येसाठी दक्षिणेचं गाव जोडणं भाग होतं. त्या गावाचे दोन तुकडे आहेत. खालची वाडी समुद्राकडेला, आमच्या बाजारपेठेला इतकी चिकटलेली की कुठून दुसरं गाव लागतं हे बाहेरच्याला सांगूनही कळत नाही. वरच्या वाड्या सड्यावर. जांभ्या दगडाचं पठार, आंब्याच्या बागा, घरं लांब लांब. खालच्यांना आमच्यात यायचं होतं, कारण त्यांना उन्हाळ्यात पाणी नसतं आणि आमच्या नळाची लाइन त्यांच्या दारावरून जाते. वरच्यांना यायचं नव्हतं.

सड्यावरच्या देवळात बैठक ठेवली. तिथले एक वयस्कर आंबा बागायतदार, सगळे त्यांना भाऊकाका म्हणतात, त्यांनी पहिल्या दहा मिनिटांतच आमचा सगळा युक्तिवाद गुंडाळून ठेवला. "तुमच्या शहरात येवन आमका गावतला काय? घरपट्टी वाढतली, रोजगार हमी जातली. गटार आमका नको, आमचा पाणी आपसूक उताराक लागता."

त्यांचं खोटं नव्हतं. शहरी हद्दीत गेलं की ग्रामीण रोजगार हमीची कामं बंद होतात. घरकुलाची यादी ग्रामीणमधून शहरी योजनेकडे वळते आणि पुन्हा रांगेत शेवटून उभं राहायचं. जिल्हा परिषदेचा सदस्य जातो, पंचायत समितीचा जातो. सड्यावरच्या माणसाला त्या बदल्यात रस्त्यावरचा दिवा मिळणार, तोही कधीतरी. मी तिथे काही बोललो नाही. परत येताना गाडीत मात्र म्हटलं की वरच्या वाड्या सोडून फक्त खालची वाडी घ्यावी.

सगळ्यांना पटलं, कागदाला पटेना. २०११चे छापील आकडे महसुली गावाचे असतात, वाडीचे नसतात. अर्धं गाव घ्यायचं तर अर्ध्या गावाची लोकसंख्या कुठून आणणार? ती मिळते प्रगणन गटांतून. प्रगणक ज्या घरांवर फिरतो त्या घरांचा एक गट असतो आणि त्या गटाचा आकडा व कच्चा नकाशा तयार होतो. ते नकाशे म्हणजे शिक्षकांनी हाताने काढलेली चौकोनी घरं, एखादं वडाचं झाड, 'येथून पुढे आंबाबाग' असा बाण. त्यावरून खालच्या वाडीचे गट वेगळे काढता आले. एक गट मात्र उतारावर अर्धा वर, अर्धा खाली पडत होता. शेवटी हद्द त्या गटाच्या कडेने न्यायची ठरली, कारण गट फोडला असता तर आकडा कुणीच मान्य केला नसता. आमच्या शहराच्या दक्षिणेकडच्या सीमेला एक विचित्र कोपरा आहे, तो या गटामुळे. कधीकाळी कुणी अभ्यासक त्यात काही ऐतिहासिक कारण शोधील, म्हणून इथे लिहून ठेवतो.

आता खरं काम. गाव नकाशे काढले. आमच्याकडचे जुने नकाशे साखळीने मोजलेले. एक साखळी म्हणजे तेहतीस फूट, तिचे सोळा आणे. तेहतीस बाय तेहतीस फुटांचा एक गुंठा. गाव नकाशावर एका इंचाला वीस साखळ्या, म्हणजे १:७९२० असं प्रमाण पडतं. मी घरी बसून एक साधा हिशेब केला. नकाशावरची शिवेची रेघ शाईची, साधारण अर्धा मिलिमीटर जाड. या प्रमाणात अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर जवळपास चार मीटर! दोन्ही गावांची माणसं ज्या पायवाटेवरून भांडत होती ती पूर्ण पायवाट शाईच्या जाडीत मावत होती.

शिवाय दोन गावांचे नकाशे वेगळ्या वेळी, वेगळ्या माणसांनी मोजलेले. आमच्या नकाशाची दक्षिण कडा आणि त्यांच्या नकाशाची उत्तर कडा संगणकावर शेजारी शेजारी ठेवली, तर काही ठिकाणी मध्ये फट राहिली आणि काही ठिकाणी एकाची जमीन दुसऱ्यावर चढली. फटीतली जमीन कुणाची? जागेवर तर फट नाहीच, तिथे एकाचा गडगा आणि त्याला लागून दुसऱ्याची काजू. ही फट कागदाचीच, पण हद्द ठरवणारा आदेशही कागदावरच निघतो.

गावात त्या सुमारास स्वामित्व योजनेच्या ड्रोनची चर्चा होती. २०२० साली ती योजना सुरू झाली, तेव्हापासून 'ड्रोन येतलो नि सगळा मोजतलो' हा आमच्याकडचा तोडगा. ड्रोन गावठाण मोजतो, आणि त्याला छप्पर दिसतं, गडगा दिसतो. शीव ही काही वरून दिसणारी वस्तू नाही. कोकणात तर कित्येक वाड्यांना गावठाणच नाही. घर लागवडीच्या सर्व्हे नंबरात उभं असतं.

त्यामुळे मोजणीची फी भरून रीतसर हद्दीची मोजणी मागितली. भूकरमापक तरुण होता, रोव्हर घेऊन आला. उपग्रहाच्या संकेतावर ते यंत्र काही सेंटिमीटरपर्यंत जागा सांगतं. पण कुठल्या बिंदूची जागा सांगायची, हे यंत्राला कळत नाही. त्यासाठी जुनी टिपणं लागतात. मूळ मोजणीत प्रत्येक सर्व्हे नंबराचं शंकू-साखळीने केलेलं रेखाटन. टिपणात कुठे कुठे 'दगड' असा शब्द होता. ते दगड शोधायचं काम आमचं.

बरेच दगड सापडले नाहीत. काही गडग्यांत चिणले गेले होते, एक सरळ कुणाच्या तरी न्हाणीची पायरी झाला होता. घरातल्या वहिनी बिचाऱ्या घाबरल्या. हद्दीची निशाणी काढणं किंवा नुकसान करणं याला जमीन महसूल संहितेत दंड आहे, हे कुणीतरी मोठ्याने बोललं. भूकरमापकाने हसून पायरीचा फोटो काढला आणि पुढे चालू लागला. दगड जागेवरून हलला असेल तर त्याचा पुरावा म्हणून उपयोग शून्य, दंड लावून तरी काय मिळणार?

तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात तो दगड मात्र शाबूत होता. तो आम्हाला दाखवला भाऊकाकांनीच. प्रस्तावाच्या विरोधातला माणूस, पण शिवेची गोष्ट आली की काठी टेकत रानातून पुढे. "ह्यो शिमेचो धोंडो. शिमग्याक पालखी हयसरच थांबता. हेच्या फुडे आमचो देव जाणा नाय." रोव्हर त्या दगडावर धरला. टिपणातल्या अंतरांशी ताळा बसला. म्हणण्यासारखा फरक नव्हता. भूकरमापक म्हणाला, असे दोन दगड अजून मिळाले तर निम्मी मोजणी झाली. दुसरे दोन मिळाले नाहीत, पण एका दगडाच्या आधारावर पूर्वेकडची पूर्ण बाजू उभी राहिली.

मधल्या रस्त्याबाबत एक बारीक शिकवण मिळाली, ती कुणाला उपयोगी पडेल. खालची आणि वरची वाडी वेगळी करताना काही अंतर डांबरी रस्ता हीच हद्द धरली होती. 'पूर्वेस जिल्हा मार्ग' एवढंच लिहिलं की रस्ता कुणाचा हे लटकतं. खड्डा पडला तर ग्रामपंचायत नगरपंचायतीकडे बोट दाखवते आणि नगरपंचायत ग्रामपंचायतीकडे. दिवा लावायचा तर वीजबिल कुणी भरायचं? आम्ही 'रस्त्याच्या पूर्व कडेपर्यंत, रस्ता धरून' असं लिहायला लावलं. थोडे शब्द वाढले आणि रस्ता आमच्या पदरात पडला. खर्चही.

उत्तरेची खाडी त्याहून अवघड. जुन्या नकाशात खाडीचं मुख जिथे दाखवलंय तिथे आज सुरूची झाडं आहेत. मुख उत्तरेकडे सरकलं आणि मधल्या जागेत वाळूचा लांब दांडा तयार झाला. पर्यटकांच्या होड्या, पॅरासेलिंग, शहाळ्यांच्या टपऱ्या, गाड्यांचा तळ, सगळं या दांड्यावर. पलीकडचं गाव म्हणे, जुन्या मुखाच्या उत्तरेला जे आहे ते आमचं. आमचे लोक म्हणत, खाडीच्या दक्षिणेला जे आहे ते आमचं. एका हंगामात दोन्ही ग्रामपंचायतींनी त्याच टपरीवाल्यांकडून पावत्या फाडल्या होत्या.

या भांडणात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट सोयीस्करपणे बाजूला ठेवली होती. समुद्राने किंवा खाडीने नव्याने टाकलेली जमीन गावाची नसते, आमचीही नाही नि त्यांचीही नाही, ती शासनाची. संहितेच्या कलम २० प्रमाणे भरतीच्या रेषेखालचा समुद्राचा आणि खाड्यांचा तळसुद्धा शासनाचाच. मालकी आणि हद्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे समजावताना माझा घसा बसला. जमीन शासनाची असली तरी तिच्यावरचा कचरा कोण उचलणार, टपरीला परवाना कोण देणार, बुडणाऱ्याला काढायला जीवरक्षक कोण ठेवणार, हे हद्दीवरून ठरतं. मालकी मागत बसलो असतो तर दोघांनाही काही मिळालं नसतं.

गावांच्या शिवेचा वाद कसा मिटवायचा, याची रीत कलम १३३मध्ये आहे आणि ती वाचून मला फार समाधान वाटलं. दोन्ही गावचे पाटील आणि इतर ग्राम अधिकारी एखाद्या रेषेवर आपखुशीने राजी झाले, तर अधिकाऱ्याने त्यांच्याकडून तसा करारनामा लिहून घ्यायचा आणि त्याप्रमाणे हद्द आखून द्यायची. असा करार फसवणुकीने किंवा धाकाने झालेला नसेल, तर ती हद्द कायमची ठरली. राजी झाले नाहीत, तर वादातल्या जागेची मोजणी करून नकाशा काढायचा, त्यावर दोघांचे दावे दाखवायचे, रीतसर चौकशी करायची आणि निवाडा द्यायचा. म्हणजे कायदा आधी विचारतो, तुमचं तुम्ही मिटवताय का?

मिटवायला बसलो पलीकडच्या गावच्या शाळेत. त्यांचे पोलीस पाटील आमच्या सरपंचबाईंच्या माहेरचे. "ताई, तू थयसून बोलतंस म्हणान आयकतंय," अशी सुरुवात झाली आणि तासाभरात आवाज चढले. खाडीची मध्यधार हीच हद्द ठेवा, असा त्यांचा पहिला प्रस्ताव. ऐकायला अगदी न्यायाचा. मी त्याला ठाम विरोध केला. मध्यधार दरवर्षीच्या पुराबरोबर हलते. आज दांडा आमच्याकडे, उद्या खाडीने तो मधूनच फोडला तर अर्ध्या टपऱ्या एका रात्रीत दुसऱ्या गावात. निसर्गाने आखलेली सीमा, असं लोक कौतुकाने म्हणतात. डोंगराच्या धारेबाबत ते चालेल. वाहत्या पाण्याच्या मुखाशी असल्या सीमेवर विसंबणं म्हणजे पुढच्या पिढीला दावा वारशात देणं.

शेवटी तीन बिंदू ठरले: जुन्या धक्क्याचा उत्तर कोपरा, खाडीतल्या एका खडकाचा माथा आणि तिथून समुद्राकडे सरळ जाणाऱ्या रेषेवरचा, दांड्यावर पुरायचा सिमेंटचा खांब. तिन्ही बिंदूंचे अक्षांश-रेखांश करारनाम्यात लिहिले. वाळू हलो, खाडी हलो, रेषा हलायची नाही. त्या रेषेने दांड्याचं टोक पलीकडच्या गावाला गेलं आणि आमच्या काही टपरीवाल्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. सगळा दांडा आपल्याकडे ओढता आला असता, असं अजूनही बाजारात बोललं जातं. मला ते पटत नाही. टोक त्यांना दिलं नसतं तर करार झाला नसता, चौकशी लागली असती आणि आमचा प्रस्ताव त्या चौकशीच्या मागे पडून राहिला असता.

आता समुद्र.

अंतिम अनुसूचीत नुसत्या चतुःसीमा चालत नाहीत. समाविष्ट होणाऱ्या सर्व्हे नंबरांची यादी लागते. यादी करताना पश्चिमेकडचा शेवटचा नंबर लिहिला आणि थबकलो. त्याच्या पुढे नंबरच नाही. माडाच्या बागा संपतात, सुरूचा पट्टा सुरू होतो, आणि त्यानंतरच्या सगळ्या पुळणीला महसुली दप्तरात क्रमांक नव्हता. यादीप्रमाणे शहर बागेच्या कुंपणाशी संपत होतं. ज्या किनाऱ्यासाठी हा सगळा खटाटोप, तो किनारा शहराबाहेर!

'पश्चिमेस अरबी समुद्र' लिहिलंय की, तोपर्यंत सगळं आलंच, असं एका अधिकाऱ्याचं म्हणणं पडलं. पण समुद्र कुठून सुरू होतो? उधाणाच्या भरतीला तो सुरूच्या मुळाशी येतो, ओहोटीला चांगला लांब जातो, आणि मधली जागा दिवसातून दोनदा समुद्र असते नि दोनदा मैदान. आमच्या पुळणीवर हे अंतर मोठं आहे, कारण उतार अगदी मंद. किनारा नियमनाच्या अधिसूचनेत भरतीरेषेची व्याख्या चोख आहे: उधाणाच्या भरतीचं पाणी जमिनीवर जिथवर चढतं ती रेषा, आणि ती रेषा ठरवायचं काम चेन्नईच्या राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्राकडे. तीच रेषा हद्द म्हणून घ्या, असं सुचवलं गेलं. तयार रेषा, सरकारी रेषा. पण ती घेतली तर ओहोटीला उघडी पडणारी वाळू बाहेर राहते, आणि नेमक्या तिथेच लोक गाड्या घालतात, तिथेच बाटल्या फोडतात.

आम्ही ओहोटीरेषेची मागणी केली. शब्द असे सुचवले: वर नमूद सर्व्हे क्रमांकांच्या पश्चिमेस ओहोटीच्या रेषेपर्यंतचे, क्रमांक नसलेले सर्व क्षेत्र. मालकी शासनाची, हे वेगळं वाक्य टाकून स्पष्ट केलं, म्हणजे आम्ही पुळण बळकावतोय अशी शंका नको. जेट्टी ओहोटीरेषेच्याही पुढे पाण्यात जाते, तिचा कारभार मेरीटाइम बोर्डाकडे. तिला हात लावला नाही. इथे हलती रेषा मी कशी मान्य केली, असं खाडीच्या बैठकीतल्या एकाने मला नंतर टोचून विचारलं. पश्चिमेला पलीकडे दुसरं गाव नाही. रेषा हलली तरी भांडायला कोण येणार?

याच सुमारास गावात एक हूल उठली: नगरपंचायत झाली की सीआरझेड उठता, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध जातात. किनाऱ्यालगतच्या जमिनींच्या चौकशा वाढल्या, मुंबईचे फोन नंबर फिरू लागले. मी ग्रामसभेत २०१९ची अधिसूचना वाचून दाखवली. शहरी पट्ट्याचा, म्हणजे सीआरझेड-२चा दर्जा नुसत्या पाटीने मिळत नाही. पालिकेच्या विद्यमान हद्दीतला भाग हवा, एकूण भूखंडांपैकी निम्म्याहून जास्त बांधलेले हवेत, गटारं, रस्ते, पाणी हवं. ग्रामीण पट्ट्यात २०११च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २१६१पेक्षा जास्त वस्ती असेल तरच ना-विकास पट्टा ५० मीटरवर येऊ शकतो, तोही किनारा आराखडा मंजूर असेल तर. एरवी २०० मीटर. आमची हद्द सरकवून भरतीरेषा सरकत नाही. अर्ध्या लोकांना हे आवडलं नाही. दोघे जण तर उघड म्हणाले, मग नगरपंचायत कशाला? प्रस्तावाला त्यांचा पाठिंबा कशासाठी होता, ते त्या दिवशी कळलं.

प्रारूप राजपत्रात आलं. वर्तमानपत्रात नोटीस, चावडीवर प्रत, हरकती-सूचनांसाठी तीस दिवस. सर्व्हे नंबरांची यादी मी पेन घेऊन एकेक नंबर वाचत तपासली आणि मधलाच एक नंबर गळलेला दिसला. त्या नंबरात आमची पाण्याची टाकी. शहराच्या पोटात एक बेट शहराबाहेर, आणि त्याच बेटातून शहराला पाणी! म्हणून पहिली हरकत आम्हीच घेतली, आमच्याच प्रस्तावावर. सुनावणीला पुकारा झाला तेव्हा कारकुनाने दोनदा विचारलं, "अर्जदार तुम्हीच आणि हरकतदारही तुम्हीच?" अंतिम अधिसूचनेआधी हे निस्तरलं तर बरं, नाहीतर छपाईची चूक शुद्धिपत्रकाने जाते, पण हद्द बदलायची म्हटली की पुन्हा प्रारूप, पुन्हा तीस दिवस.

सड्यावरूनही हरकती आल्या, वरच्या वाड्या वगळलेल्या असूनही. खालची वाडी गेली तर आमच्या ग्रामपंचायतीचं उत्पन्न किती उरतं, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्याला आमच्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. खालच्या वाडीतली हॉटेलं जी घरपट्टी भरत, त्यावर वरच्या वाड्यांचा शिपाई आणि दिवाबत्ती चालायची. भाऊकाका सुनावणीत एवढंच म्हणाले, "धोंडो मियाच दाखवलंय. आता तेच्या ह्या बाजूक आमी कशे जगतलो, ता तुमी सांगा." अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. उरलेल्या भागाची ग्रामपंचायत नव्याने घोषित करताना शेजारची एक वाडी तिला जोडावी, असा अभिप्राय पुढे गेला. अजून त्यावर आदेश नाही.

अंतिम अधिसूचना आली तेव्हा पश्चिमेचा मजकूर आम्ही सुचवल्यापेक्षा थोडा वेगळा होता, पण ओहोटीरेषा राहिली. टाकीचा नंबर आला. खाडीचे तीन बिंदू आले, अक्षांश-रेखांशांसकट. ग्रामपंचायत संपली, माझं सदस्यत्वही तिच्याबरोबर गेलं, आणि प्रशासक बसले.

गेल्या महिन्यात नगरपंचायतीतून फोन आला. सतरा प्रभाग पाडायचे आहेत, प्रगणन गट शक्यतो फोडायचे नाहीत, जुने नकाशे तुमच्याकडे आहेत असं कळलं. उतारावरचा तो एक गट पुन्हा आडवा आला आहे. खालच्या वाडीतले म्हणतात तो त्यांच्या प्रभागात हवा, बाजारपेठेतले म्हणतात आमच्या. नकाशे मी दिले. बैठकीला मात्र बोलावू नका, असं सांगितलं. तरी उद्या अकरा वाजता या म्हणालेत.